गाविलगडची म्हणून दाखविली जाणारी बंदूक : एक पुनर्विचार

परतवाड्यातील एका जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक बंदूक टांगलेली आहे. तिच्याखालील लाकडी पाटीवर 'गाविलगड, इ. स. १८०३' अशी अक्षरे कोरलेली आहेत. ही बंदूक आता एका संग्रहालयास अर्पण करावी असे घरच्या मंडळींनी योजिले असून, ती गाविलगडच्या लढाईतील आहे असा दाखला आम्ही लिहून द्यावा, अशी त्यांनी आम्हांस विनंती केली. विनंती साहजिक होती. येथील शाळेत संस्कृत व इतिहास शिकवीत असता सुमारे तीस वर्षे आम्ही दर साल मुलांना ती बंदूक दाखविण्यास नेत होतो व ती गाविलगडचीच होय असे निःशंकपणे सांगत होतो. दाखला लिहिण्यापूर्वी एकवार नीट पाहावी म्हणून ती भिंतीवरून उतरविली. आणि दोन दिवसांच्या परीक्षणाअंती, मागितलेला दाखला देता येत नाही, अशा निर्णयास आम्हांस यावे लागले. हा निर्णय कसा झाला आणि आमचे पूर्वीचे मत कोठे चुकले, हे वाचकांपुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पोथ्या व कागद जमविणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी एखादे जुने शस्त्रही असते. आणि पोथीला आपण जे प्रश्न विचारतो ते शस्त्राला मात्र विचारीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम ऐतिहासिक प्रसंग थोडक्यात सांगतो. ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाल्यावर आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन हे गाविलगडावर चालून आले. स्टीव्हन्सनने तोफा डोंगरातून ओढून गडाच्या उत्तर बाजूस नेल्या, आणि ता. १५ डिसेंबर रोजी हल्ला होऊन गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, ता. १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तरी गाविलगड व नरनाळा हे किल्ले त्यांच्याकडेच राहिले. ही शेवटची गोष्ट आमच्या विषयास महत्त्वाची आहे. १८०३नंतरही गडावर भोसल्यांची शिबंदी होती. म्हणून एखादे शस्त्र 'गडावरचे' ठरले, तरी तेवढ्याने ते 'लढाईतले' ठरत नाही.

आता त्या काळी कोणत्या बंदुका संभवतात ते पाहू. आपल्याकडील जुनी बंदूक तोड्याची. जळता तोडा चापासरशी रंजकीवर टेकतो व नळीच्या कानातून आग आत जाते. कवायती पलटणींत चकमकीची बंदूक आली. तीत घोड्याच्या तोंडी धरलेली गार पोलादी पानावर आपटून ठिणगी पडते. इंग्रजांच्या पलटणींतील चकमकीच्या बंदुकीस 'इंडिया पॅटर्न' असे नाव होते. तिची नळी ३९ इंच लांब व नळीचे तोंड सुमारे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. कंपनी सरकारसाठी बनलेली ही बंदूक इतकी पसंत पडली, की १७९७ साली इंग्लंडच्या सरकारनेही आपल्या फौजेसाठी तिचा स्वीकार केला. तिसरा प्रकार टोपीच्या बंदुकीचा. तीत गार नसते. तांब्याच्या लहान टोपीत स्फोटक द्रव्य असते व घोडा तिच्यावर पडला की बार उडतो. हा प्रकार इंग्रजी फौजांत १८४०च्या सुमारास रूढ झाला. सारांश, १८०३ साली गाविलगडावर तोड्याची किंवा चकमकीची बंदूक संभवते. टोपीची संभवत नाही.

वादग्रस्त बंदूक आज चकमकीची दिसते. तिच्या कळीच्या पत्र्यावर हृदयाच्या आकाराचे, चार खणांचे चिन्ह असून त्याखाली १८०१ हा आकडा आहे. हे चिन्ह ईस्ट इंडिया कंपनीचे होय. चार खणांत कंपनीच्या नावाची चार आद्याक्षरे असत. १८०८ साली हे हृदय जाऊन त्याच्या जागी सिंहाचे चिन्ह आले, म्हणून हृदय दिसले की शस्त्र त्यापूर्वीचे, असा संग्राहकांत नियम सांगितला जातो. शिवाय या बंदुकीची नळी मोजून ३९ इंच आहे आणि तिच्या आत आटे नाहीत. ती साफ आहे. चिन्ह, साल, लांबी व साफ नळी अशी चार प्रमाणे, आणि वर घराण्याची परंपरा. तीस वर्षांपूर्वी आम्हांस याहून अधिक काही पाहावेसे वाटले नाही. पोथीची पुष्पिका वाचावी, शक व तिथी टिपून घ्यावी आणि पोथी न उलगडताच तिचा काळ ठरवावा, तशातला हा प्रकार झाला.

पहिला दोष परंपरेचा. आम्ही घरच्या वडीलधाऱ्यांस विचारले, 'ही गाविलगडची, यास आधार काय?' त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखविले. पाटी केव्हा व कशावरून केली, असे विचारता, शाळेच्या एका वर्धापनदिनी निघालेल्या पुस्तिकेत तसे छापले आहे असे उत्तर मिळाले. ती पुस्तिका मागविली. बंदुकीविषयीचा तीतील मजकूर आम्हीच लिहिलेला होता! आणि आम्ही तो कशावरून लिहिला, तर याच घरी ऐकलेल्या गोष्टीवरून. म्हणजे घरची गोष्ट, पुस्तिका व पाटी हे तीन साक्षीदार नसून एकाच साक्षीच्या तीन नकला होत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडितांनी हस्तलिखितांची संख्या न मोजता त्यांच्या शाखा का पाहिल्या, हे आम्ही पुष्कळांस समजावून सांगितले आहे. एकमेकींवरून उतरलेल्या दहा पोथ्या मिळून साक्ष एकच होते. तो नियम आपल्याच लिहिण्यास लावण्याचे मात्र राहून गेले. 'मास्तर म्हणतात' हाच अखेर मास्तरांपुढे पुरावा म्हणून आला.

मूळ गोष्टीचे शब्दही आम्ही पुन्हा ऐकले. घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले वाक्य एवढेच, की 'आजोबांनी ही गडावरून आणली.' आजोबांच्या वाडवडिलांनी ती लढाईत वापरली किंवा लढाईत मिळविली असे कोणीही म्हणत नाही. 'आणली' या क्रियापदात विकत आणणेही येते. लढाई त्या वाक्यात आम्ही घातली.

आता वस्तूची साक्ष घेऊ. ही बंदूक फार पूर्वीच निकामी केलेली असून, ती कोणत्याही दुरुस्तीने उडण्याजोगी नाही असा अधिकृत कागद घरात आहे. नळीच्या बुडाशी लोखंडी मेख ठोकून ती झाळलेली आहे. पण तोंडाकडचा भाग मोकळा आहे. तेथे आतला व्यास मोजला तो १६.८ मिलिमीटर भरला. इंडिया पॅटर्नचा व्यास १९ मिलिमीटरांचा. नळी वापराने झिजते ती रुंद होते, अरुंद होत नाही. म्हणून हा फरक झिजेने उलगडत नाही.

दुसरी साक्ष नळी दस्त्याला कशी जोडली आहे याची. इंडिया पॅटर्नमध्ये नळीच्या पोटाखाली लहान कान असतात व दस्त्याच्या लाकडातून आडव्या बारीक खिळ्या घालून नळी अडकविलेली असते. आमच्या बंदुकीस खिळ्या नाहीत. तीन लोखंडी कड्या नळीला व दस्त्याला एकत्र आवळतात. दस्ता उतरवून पाहिला, तर खिळ्यांची भोके बुजविल्याची खूणही लाकडात नाही. दस्ता मुळातच कड्यांसाठी घडविलेला आहे. येथे एक आक्षेप संभवतो तो आम्हीच सांगतो. फ्रेंचांच्या १७७७च्या नमुन्याच्या बंदुकीसही कड्या असत, आणि हिंदी दरबारांच्या पलटणींत फ्रेंच सरदार होते. तेव्हा केवळ कड्यांवरून १८०३ नाकारता येत नाही. हे मान्य. परंतु फ्रेंच नमुन्याच्या बंदुकीवर इंग्रज कंपनीचे हृदय कसे, याचे उत्तर मग आक्षेप घेणाऱ्याने द्यावे लागेल.

तिसरी साक्ष कानाची. चकमकीच्या बंदुकीत नळीच्या उजव्या अंगास बारीक छिद्र असते व त्यालगत रंजकीची वाटी. टोपीच्या बंदुकीत त्याच जागी नळीवर लोखंडाचा उंचवटा असून त्यावर टोपी बसविण्याची पोकळ खुंटी असते. आमच्या बंदुकीत छिद्र आहे खरे; पण भिंगातून पाहता छिद्राभोवती निराळ्या लोखंडाचे एक वर्तुळ दिसते. उंचवटा कापून काढला, राहिलेले भोक मेखेने बुजविले आणि त्या मेखेत नवे छिद्र पाडले, एवढाच त्याचा अर्थ होतो. चकमकीच्या बंदुका टोपीच्या करून घेण्याची चाल १८४०नंतर सर्वत्र होती, व ती रास्त गरजेतून आली होती. त्याच्या उलट, टोपीची बंदूक चकमकीची करण्याचे कारण फौजेत कधीच पडत नाही. ते बाजारात पडते.

चौथी साक्ष कळीच्या पत्र्याची, आणि आमच्या मते ती निर्णायक आहे. पत्रा तिरप्या उजेडात धरला असता त्यावर कानशीचे बारीक समांतर ओरखडे दिसतात. हृदयाच्या रेघा हे ओरखडे तोडून जातात. ओरखडे हृदयावरून जात नाहीत. पोथी लिहिणारा चुकले अक्षर हरताळाने झाकतो व वर नवे अक्षर लिहितो, हे वाचकांस ठाऊक आहे. हरताळावरचे अक्षर हरताळानंतरचे, हे सांगण्यास पांडित्य लागत नाही. त्याचप्रमाणे हे हृदय व १८०१ हा आकडा पत्रा कानशीने घासल्यानंतर कोरलेले आहेत. घासले काय, हेही सुदैवाने पुरते पुसले गेलेले नाही. घोड्याच्या मागे मुगुटाचा खालचा भाग व त्याखाली व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षराच्या दोन तिरप्या रेघा अंधुक दिसतात. १८०३ साली इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता. व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली.

मग ही बंदूक कोणती? तीन कड्या, ३९ इंच नळी, टोपीची कळ व राणीचे चिन्ह ही लक्षणे १८५३च्या एनफिल्ड नमुन्याची होत. त्या एनफिल्डच्या नळीत तीन आटे असतात व व्यास ०.५७७ इंचांचा असतो. आमच्या बंदुकीत आटे नाहीत. याच मुद्द्यावर आम्ही तीस वर्षे फसलो. आटे नाहीत म्हणजे जुनी, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः १८५७च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती लांब व अचूक पल्ल्याचे हत्यार असू नये म्हणून त्यांच्यासाठी एनफिल्डच्याच धर्तीची, पण आटे नसलेली बंदूक इंग्रजांनी मुद्दाम करविली. तिचा व्यास ०.६५६ इंच, म्हणजे १६.७ मिलिमीटरांच्या जवळ. आमचे माप १६.८ आले. तेव्हा नळीचा साफपणा हा प्राचीनत्वाचा पुरावा नसून अविश्वासाचा पुरावा आहे. बंदूक गाविलगड पडल्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी बनली, असे म्हणण्यास आम्हांस आता प्रत्यवाय वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की कळ मागाहून बसविली असेल, नळी तरी जुनी असेल. शस्त्रांचे भाग बदलतात हे खरे, व म्हणूनच कळीवरचे साल हे फक्त कळीचे साल समजावे. एका पोथीची आरंभीची पाने एका हातची व शेवटची दुसऱ्या हातची असतात तसेच हे. परंतु प्रस्तुत प्रकरणी नळी, दस्ता व कळ या तिन्ही भागांची साक्ष निरनिराळी घेतली असता ती एकाच काळाकडे बोट दाखविते. विरुद्ध बोलते ते केवळ कोरलेले हृदय, आणि ते हरताळावरचे अक्षर आहे.

वस्तू व शब्द यांचा असा गोंधळ विद्वानांतही झाला आहे. शुक्रनीतीत लहान व मोठ्या नालिकेचे वर्णन असून तीत सोरा पाच भाग, गंधक एक व कोळसा एक असे दारूचे प्रमाणही दिले आहे. गुस्ताव ओपर्ट याने १८८०मध्ये त्यावरून प्राचीन आर्यांस बंदूक ठाऊक होती असे प्रतिपादन केले, व आपल्याकडे पुष्कळांस ते गोड वाटले. पुढे १९६२ साली लल्लनजी गोपाल यांनी तो ग्रंथच एकोणिसाव्या शतकातील असल्याचे साधार मांडले. ज्या बंदुकीने ग्रंथाला थोरवी आणली तीच ग्रंथाच्या अर्वाचीनतेची साक्षी झाली. आम्ही संस्कृतचे शिक्षक. हा वाद आम्हांस पाठ होता. भिंतीवरच्या बंदुकीस मात्र तो लावावा हे सुचले नाही.

संग्राहकांसाठी आणखी दोन सापळ्यांचा निर्देश करितो. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल येथील कारागीर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला हातांनी करीत आले आहेत. त्यांवर राणीचे चिन्ह व खाली १९०१नंतरचे साल असा प्रकार आढळतो. राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. त्यापुढील शिक्का तिच्या नावाचा असू शकत नाही. तिथी-वार जंत्रीशी ताडून बनावट कागद ओळखणाऱ्यास ही युक्ती नवी नाही. कित्येक नकलांत रोमन अक्षरे उलटी पडलेली असतात. अक्षर न वाचता केवळ त्याचे चित्र काढणाऱ्या नकलनविसाची ती ओळख होय. दुसरा सापळा याहून मोहक आहे. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातील कित्येक बंदुकांवर देवनागरी अक्षरे व अंक आहेत. देवनागरी दिसताच ती मराठ्यांची, असा उल्हास आपल्या मनात उत्पन्न होतो. पण अ, झ, ण ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे अंक उत्तरेकडे निराळ्या वळणाने काढतात, हे पोथ्या हाताळणाऱ्यास सांगावयास नको. आणि आकडा सालाचा असलाच, तर तो शक की विक्रम संवत, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे.

शेवटी निकामी करण्याविषयी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५, जुन्या धर्तीचे, पुराणवस्तूचे मोल असलेले किंवा मोडके असे जे शस्त्र दुरुस्तीने वा दुरुस्तीवाचून बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्यास अधिनियमातून वगळते. कसोटी कडक आहे व ती तशीच असावी. युरोपात तर २०१६पासून निकामी करण्याची एकच ठरीव पद्धत लागू झाली. नळीत मेख, बुडाशी झाळकाम व नळीस चीर, असे तीत असते. आमची तक्रार कायद्याविषयी नाही, घाईविषयी आहे. पोथी बांधणारा कडा समान करण्यासाठी समास कापतो व त्याबरोबर समासातील टिपा जातात. तसेच येथेही होते. नळीचा व्यास, आट्यांची संख्या, बुडाशी असलेले परीक्षेचे ठसे, हीच साक्ष नेमकी झाळकामाखाली जाते. म्हणून ज्याच्या घरी असे शस्त्र निघेल त्याने ते प्रथम जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्यांस कळवावे, स्वतः हात लावू नये. आणि परवानाधारक कारागिराकडून ते निकामी करून घेण्यापूर्वी सर्व मापे, छायाचित्रे व ठशांचे कागदी छाप घेऊन ठेवावेत. आमच्या बंदुकीच्या नळीचे तोंड कोणी कारागिराने योगायोगाने मोकळे ठेवले नसते, तर पहिली साक्ष आम्हांस मिळालीच नसती.

निर्णय सांगितला तेव्हा घरातील आजींनी एकच प्रश्न केला, 'म्हणजे आमच्या सासऱ्यांनी खोटे सांगितले का, गुरुजी?' आम्ही म्हटले, त्यांनी जे सांगितले ते आजही खोटे ठरलेले नाही; खोटे जे आहे ते पत्र्यावर आहे, आणि चुकीचे जे आहे ते आमच्या पुस्तिकेत आहे. पत्र्यावरचे हृदय कोणी कोरले हे सांगण्यास आधार नाही, म्हणून कोणाही विक्रेत्यावर आम्ही ते लादीत नाही. पुस्तिकेतील मजकूर कोणी लिहिला हे मात्र निश्चित आहे.

दाखला आम्ही दिला; पण तो असा : 'ही बंदूक १८५७नंतर हिंदी शिपायांसाठी बनविलेल्या, आटे नसलेल्या एनफिल्ड धर्तीची असून मागाहून चकमकीची केलेली आहे. गाविलगडच्या लढाईशी तिचा संबंध नाही. पूर्वी तसा संबंध सांगणारा मजकूर निम्नसहीकाराचा असून तो चुकीचा होता.' संग्रहालयाने ती या दाखल्यासह घ्यावी अशी आमची शिफारस आहे. परतवाडा हे गावच मुळी छावणीचे. हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या पलटणी येथे राहून गेल्या. बंदूक त्या पलटणींपैकी कोणाची होती असे म्हणण्यास आज एकही कागद नाही, व ते आम्ही म्हणत नाही. एका अनुमानाची जागा दुसऱ्याने भरण्याचा मोह टाळणे बरे. तथापि ज्या शिपायाच्या हाती बंदूक दिली व तिच्यातले आटे काढून घेतले, त्याची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. ती आम्ही तीस वर्षे सांगितली नाही.

पाटी उतरविण्यास घरच्या मंडळींनी संमती दिली आहे. आमच्या या परीक्षणातही काही चूक राहिली असेल, तर जाणत्यांनी ती याच पृष्ठांतून दाखवावी. आम्ही आभारी होऊ.